दीपिकाच्या शाळेचा रॅम्प

हेमांगी पागधरेने दीपिकाच्या शाळेच्या खिडक्या मोजल्या, तो जुलैतला एक रविवार होता. शाळा बंद, पाड्यावरची माणसं भातलावणीला गेलेली, व्हरांड्यात एक कुत्रं तेवढं झोपलेलं. हेमांगीने पर्समधून टेप काढली. ब्लाउजची मापं घ्यायची टेप ती, शिवणयंत्राच्या खणातून उचललेली. असल्या टेपने का कुठे इमारती मोजतात? पण पोटात दुखायला लागलं की माणूस हाताला लागेल त्याने मोजतं.

खिडकीची उंची झाली, रुंदी झाली. वर्गाची लांबी-रुंदी तिने बाहेरूनच पावलांनी काढली. मनात गुणाकार केला आणि तिचं तोंड आणखीच उतरलं. वर्गाच्या जमिनीच्या पाचव्या हिश्शाइतक्या खिडक्या हव्यात असा नियम. इथे त्याहून मोठ्याच होत्या. उजेड येतो तोही मुलांच्या डाव्या अंगाने, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडायला नको. दारं दोन, आणि दोन्ही बाहेर उघडणारी. फळा असा खाली की पहिलीच्या पोराचाही हात पोचावा. हात धुवायचे नळसुद्धा पोरांच्या उंचीचे. "बाई गं," हेमांगी स्वतःशीच म्हणाली, "हिचं सगळंच कसं मापात बसतं!"

'आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून' ही म्हण ती दरवर्षी चौथीच्या मुलांना शिकवायची आणि वाक्यात उपयोगही करून घ्यायची. त्या दिवशी खिडकीखाली ती स्वतःच वाकली होती, पण म्हण काही तिला आठवली नाही. अशा वेळी कोणालाच आठवत नाही.

दीपिका चुरी माकुणसारची आणि हेमांगी इथलीच, चिंचणीच्या पुढे खाडीच्या तोंडाशी असलेल्या खारटेंभीची. पालघरला डी.एड. करताना दोघी एका बाकावर बसायच्या, एका डब्यात जेवायच्या. परीक्षेत दीपिका पहिली आली आणि हेमांगी दुसरी. गॅदरिंगमध्ये दीपिकाने गाणं म्हटलं आणि हेमांगीने पडदा ओढला. पुढे नेमणुका झाल्या तेव्हा मात्र देवाने एकदाचे डोळे उघडले असं हेमांगीला वाटलं. तिला स्वतःच्याच गावातली, कौलारू का होईना पण नावाजलेली शाळा मिळाली आणि दीपिकाला मिळाला आंबटपाडा, बोईसरच्या अंगाला असलेला वारल्यांचा पाडा. तिथे शाळा म्हणजे एकच खोली, तीही गळकी. त्या वर्षी हेमांगी फार प्रेमळ मैत्रीण होती. दर आठवड्याला फोन करून विचारायची, "कशी गं राहतेस तिथे? मला तर विचार करूनच कसंतरी होतं."

आणि आता हे. तारापूरच्या एका कंपनीने आपल्या फंडातून आंबटपाड्याला नवी शाळा बांधून दिली होती. दीपिकाने त्यासाठी काय केलं नव्हतं? कंपनीच्या गेटवर ताटकळली, कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घातले, कमरेचं दुखणं घेऊन, पट्टा बांधून सगळीकडे फिरली. हे सगळं हेमांगीला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेल्या गोष्टी हेव्याला उपयोगाच्या नसतात. तिच्या मते दीपिकाला सगळं आयतं मिळालं होतं.

खारटेंभीची शाळा मात्र वर्षागणिक खाली जात होती, आणि हे अगदी शब्दशः. समोरचा रस्ता दर काही वर्षांनी नवं डांबर घालून उंच होत गेला आणि शाळा होती तिथेच राहिली. पूर्वी तीन पायऱ्या चढून वर्गात जावं लागे. आता रस्ता आणि वर्ग एका पातळीवर. मोठा पाऊस झाला की पाणी विचारत नाही, सरळ आत येतं. खिडक्या बारक्या, खारा वारा आत यायला नको म्हणून आजोबांच्या पिढीने तशाच ठेवलेल्या. त्यातून निम्म्या गावाची पोरं पिवळ्या बसमध्ये बसून बोईसरच्या इंग्रजी शाळेत जायला लागली होती.

पट एकोणीसवर आला होता. आणि तालुक्यात सगळे बोलत होते की पट विसाच्या आत राहिला तर शाळा जवळच्या शाळेत विलीन करणार. जवळची शाळा म्हणजे आंबटपाडा. म्हणजे हेमांगीने आपली मुलं, आपले हजेरीपट आणि स्वतःला उचलून दीपिकाच्या हाताखाली नेऊन ठेवायचं. एका बाकावरून थेट पहिल्या नंबरच्या हाताखाली! ह्या एका विचाराने तिला महिनाभर जेवण गोड लागलं नव्हतं. सप्टेंबरअखेर पटाची मोजणी व्हायची होती, तोवर एक तरी पोर हवं होतं.

टेप गुंडाळून ती निघाली आणि रॅम्पवरून उतरताना तिची चप्पल सरकली. कठडा धरला म्हणून वाचली. कठडा धरून ती तशीच उभी राहिली आणि मग तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

रॅम्प चढा होता. चांगलाच चढा.

तिने पुन्हा टेप काढली. एक फूट चढायचं तर रॅम्प बारा फूट लांब हवा, हा नियम तिला पाठ होता. मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात तीनदा ऐकवला होता. शाळेचं जोतं ओढ्याच्या पाण्याच्या भीतीने उंच घेतलेलं, अडीच फुटांचं. म्हणजे रॅम्प तीस फूट हवा. टेपने पुन्हा पुन्हा मोजला तरी तो अठराच्या पुढे जाईना. का, तेही दिसत होतं. रॅम्प जिथे संपला तिथेच पुढे ऐनाच्या झाडाखाली वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. नकाशात रॅम्प सरळ तीस फूट आखलेला असणार. नकाशा काढणाऱ्याला वाघोबा दिसला नसणार. गवंडी पाड्यावरचेच. देवाच्या अंगावर सिमेंट कोण घालेल? आणि देवाला हलवायचं तर कोण बोलेल? त्यांनी आपला रॅम्प देवाच्या अलीकडे आटोपला आणि जोत्याला टेकवला. मासळीची हातगाडी चढते एवढ्या चढावर, मग पोराची खुर्ची का नाही चढणार, असा त्यांचा हिशेब.

"वाघोबा पावला गं बाई," हेमांगी म्हणाली, आणि देवाला मनोभावे हात जोडून घरी गेली.

दीपिकाच्या शाळेत हिरा नावाची तिसरीतली मुलगी आहे, जन्मापासून पायांत बळ नसलेली, चाकाच्या खुर्चीतून येणारी, हे तिला माहीत होतं. कितीदा फोनवर दीपिकानेच सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र हेमांगीला रॅम्प आठवला, हिरा आठवली नाही.

चार दिवसांनी पंचायत समितीचा इंजिनियर भावेश खारटेंभीला आला. नवाच लागलेला, वयाने लहान, बोलायला सभ्य आणि मनाने सरळ. सगळ्या शाळा नियमांत किती बसतात ते पाहायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने वर्ग मोजला, खिडक्या मोजल्या, फळ्यासमोर मान तिरकी करून पाहिलं.

"मॅडम, उजेड कमी आहे. फळा चकाकतो, उजवीकडच्या मुलांना दिसत नसणार. दार एकच, तेही आत उघडणारं. आणि जमीन रस्त्याच्या पातळीला, हे तर फारच वाईट."

"फळा चकाकतो हे मला नव्हतं माहीत," हेमांगी कोरडेपणाने म्हणाली. सोळा वर्षं ती त्याच फळ्यावर लिहीत होती.

"नवी इमारत मागता येईल तुम्हाला. मी शिफारस करतो. पण पट निदान वीस हवा, नाहीतर वरून नाव काढून टाकतात. आंबटपाड्याची बघितलीत ना? मॅडमनी काय सुंदर करून घेतलीय! तालुक्यात तशी दुसरी नाही. तुमच्याइथेही तसंच व्हायला पाहिजे."

हेमांगीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तिने चहाचा कप त्याच्यापुढे सारला आणि आवाजात साखर घोळली. "सुंदरच आहे हो. दीपिका माझी जिवाभावाची मैत्रीण. म्हणून तर काळजी वाटते. मी काही म्हणत नाही, साहेब, पण तो रॅम्प एकदा मोजून बघा. चाकाच्या खुर्चीवरून कोणी मागे आलं, पडलं, तर नाव कोणाचं जाईल? तुमचंच."

भावेशने कप खाली ठेवला. "रॅम्प? मी जोत्याच्या वरचंच पाहिलं होतं. थँक्यू मॅडम. असं कोणी सांगत नाही."

"माझं नाव मात्र नको हं," ती म्हणाली. "उगाच तिला वाटेल, मैत्रीण चुका काढते."

पुढच्याच आठवड्यात आंबटपाड्याचा रॅम्प फोडला. फोडला आणि पाऊस कोसळायला लागला. फोडलेल्या रॅम्पच्या जागी लाल पाण्याचा खड्डा झाला, त्यात पाड्यावरची पोरं होड्या सोडायला लागली. काम थांबलं. वाघोबाचं काय करायचं यावर पाड्याच्या बैठकी झाल्या, भगताला विचारून झालं, कंपनीचे लोक येऊन डोकं खाजवून गेले. दीपिकाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. "कोणाची दृष्ट लागली गं माझ्या शाळेला, काय कळत नाही."

"अगं होतं असं," हेमांगी म्हणाली. "फार मनाला लावून घेऊ नकोस."

त्या रात्री तिने कोलंबीचं कालवण केलं, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. नवरा प्रीतम बोटीचं जाळं विणत बसला होता. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर, त्याला तेवढाच उद्योग. "काय गं, आज लय खुशीत हाय तू?" त्याने विचारलं. "कोनाचं वाटोलं झालं?"

"तुमचं आपलं काहीतरीच," हेमांगी म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी समुद्रात गेल्या, बंदराला पुन्हा माणसं लागली. आंबटपाड्याचा चिंधू दरवर्षी ह्या दिवसांत खारटेंभीला मासळी उतरवायच्या कामाला येई. त्या वर्षी तो पहिल्याच दिवशी सकाळी शाळेच्या दारात उभा राहिला, आणि त्याच्यापुढे चाकाच्या खुर्चीत एक मुलगी. दोन घट्ट वेण्या, मांडीवर दप्तर, आणि डोळे असे की वर्ग मोजून घेतायत.

"बाई, ही माझी हिरा. दीपिकाबाईंच्या शालंत होती," चिंधू म्हणाला. "तिकडं उतार फोडलाय. निस्त्या पायऱ्या हायेत. बाई म्हनतात मी उचलून घेते, पन त्यांच्या कमरेला पट्टा हाय. आनि हिला उचललेलं चालत नाय."

"मी पोतं हाय काय?" हिरा म्हणाली.

"तवापासून घरीच बसलीया. मी रोज हिकडं येतो, तर म्हनलं तुमच्या शालंत घ्याल काय? हितं पायऱ्या नायत."

पायऱ्या नव्हत्या. भावेशने फारच वाईट म्हणून सांगितलेली जमीन रस्त्याला सरळ लागलेली होती. हिराने दोन्ही हातांनी चाकं फिरवली आणि कोणाला न विचारता ती वर्गात गेली.

वीस. हेमांगीच्या मनात पहिला शब्द आला तो हाच. दुसरं जे आलं ते तिने आत ढकलून दिलं, पण ते पुन्हा वर आलंच. पोर घरी बसली होती. महिनाभर. रॅम्प फोडला म्हणून. रॅम्प कोणी फोडायला लावला?

"घेते की," ती म्हणाली. "का नाही घेणार?"

सुरुवातीला हिरा तिला पोटच्या पोरीसारखी वाटली असं कोणी म्हणेल तर ते खोटं. सुरुवातीला हिरा तिला दीपिकाच्या घरातून पळवून आणलेल्या भांड्यासारखी वाटली; चकचकीत, आणि सारखी हातात घेऊन पाहावीशी. पोर हुशार होती. पाढे खडाखडा म्हणायची, चित्रं काढायची, आणि दिवसातून दहा वेळा म्हणायची, "दीपिकाबाई असं नाय करत."

"मग कसं करतात?" हेमांगी विचारायची. विचारताना जीव कासावीस व्हायचा, तरी विचारल्यावाचून राहवत नसे.

"दीपिकाबाई गोष्ट सांगताना उभ्या नाय राहत, खाली बसतात. दीपिकाबाई फळ्यावर मोठं लिवतात."

दुसऱ्या दिवसापासून हेमांगी गोष्ट सांगताना खाली बसायला लागली. गुडघे दुखायचे, पण बसायची. फळ्यावर तिने प्रीतमकडून काळा रंग लावून घेतला, बिनचमकीचा, आणि अक्षर मोठं काढलं. उजवीकडच्या कोपऱ्यातला अनुज, जो वर्षभर काही उतरवून घेत नसे आणि ज्याला ती आळशी म्हणत असे, तो सगळं उतरवून घेऊ लागला. हेमांगीला त्याचा आनंद झाला आणि लगेच रागही आला, कारण हेसुद्धा दीपिकाचंच.

हिराची जागा तिने खिडकीशी केली. डाव्या हाताची खिडकी, वर्गातली सगळ्यांत मोठी. दुपारी मुलं खेळायला गेली की दोघीच वर्गात राहायच्या. अशाच एका दुपारी हेमांगीने विचारलं, "तिकडची शाळा आवडायची ना तुला?"

"लय. पन उतार नाय आवडायचा."

"का?"

"तिघीजनी ढकलायच्या. हात सुटला की गाडी मागं यायची. एकदा त्या वाघोबापत्तर गेली." हिरा सुक्या बोंबलाचा तुकडा चावत अगदी सहज सांगत होती. "मी रोज चढताना डोले मिटायची. दीपिकाबाईंना नाय सांगितलं. त्यांनी लय मेहनतीनं बांधलीया शाला, त्यांना वाईट वाटलं असतं."

हेमांगी ते ऐकून जी उठली ती दिवसभर हवेत होती. म्हणजे तिने बरोबरच केलं होतं! पोर मागे येत होती, डोळे मिटत होती, कुणाला कळलं नव्हतं आणि कळलं कोणाला, तर हेमांगीला. मनातल्या मनात तिने स्वतःला पूर्ण माफ केलं, वर शाबासकीही दिली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र एक गोष्ट तिला टोचली. हे सगळं तिला आज कळलं होतं. टेप लावली त्या रविवारी ती हिरासाठी मुळीच वाकली नव्हती.

आणि तोवर आणखी एक भानगड होऊन बसली होती. हिरा तिला आवडायला लागली होती. पटावरचा आकडा म्हणून नव्हे, हिरा म्हणून. सकाळी रस्त्यावर चाकांची कुरकुर ऐकू आली की ती खडू ठेवून दाराशी जायची. ही पोर परत जाईल, पुन्हा दीपिकाची होईल, हा विचार तिला नकोसा व्हायचा. आधी दीपिकाच्या इमारतीचा हेवा होता, आता दीपिकाच्या पोरीचा झाला.

गणपती गेले, पाऊस ओसरला, आणि आंबटपाड्याचा रॅम्प तयार झाला. पटाच्या मोजणीला थोडेच दिवस उरले होते. दीपिकाचा फोन आला. "हेमा, शनिवारी यायचंच हं तू. छोटासाच कार्यक्रम आहे. चिंधूलाही सांगितलंय, हिराला घेऊन ये म्हणून."

हेमांगी गेली. न जाऊन सांगते कोणाला? नवी साडी नेसून गेली.

नवा रॅम्प तिने लांबूनच पाहिला. पाड्याने आणि भावेशने मिळून वाट काढली होती. रॅम्प वाघोबाच्या अलीकडेपर्यंत येत होता, तिथे सपाट चौथरा करून वळत होता आणि भिंतीच्या कडेने उलट वर जात होता. देव जागचा हलला नव्हता, नारळ मात्र त्याला मिळाला होता. चढ इतका हलका की उभ्या माणसाला कळूही नये. कठडे दोन, एक मोठ्यांच्या हाताला आणि एक खाली, खुर्चीत बसलेल्याच्या हाताला. हेमांगीने नजरेने लांबी मोजली. तीस फूट. अगदी नियमात.

हिरा खाली थांबली होती. तिच्या जुन्या मैत्रिणी सवयीने खुर्चीला हात लावायला धावल्या.

"कोनी नाय लावायचा हात," हिरा म्हणाली.

तिने चाकं फिरवली. चौथऱ्यापर्यंत आली, दम घेतला, वळली, पुन्हा चाकं फिरवली. पाड्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. चिंधू दोन्ही हात पुढे करून तिच्या मागे मागे, न शिवता. हिराचे डोळे टक्क उघडे होते. ती वर पोचली, व्हरांड्यात गोल फिरली आणि टाळ्या वाजल्या. दीपिका पट्ट्यावर हात दाबून रडत होती. केंद्रप्रमुखांनी तिला नारळ आणि शाल दिली. सगळे तिचंच नाव घेत होते, आणि हेमांगीला वाटत होतं, हे मी केलंय. हे माझं आहे. माझ्या टेपने झालंय हे, आणि शाल हिला!

तेवढ्यात भावेश बोलायला उभा राहिला. "दीपिका मॅडमनी फार सोसलं. पण एक नाव मला आज घेतलंच पाहिजे. त्यांनी सांगितलं होतं नाव नको म्हणून. पण चांगल्या कामाला लाज कसली? हा रॅम्प चुकलाय हे माझ्या लक्षात आणून दिलं ते खारटेंभीच्या हेमांगी मॅडमनी. दुसऱ्याच्या शाळेची इतकी काळजी मी कुठे पाहिली नाही."

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. केंद्रप्रमुखांनी दुसरी शाल मागवली. आयुष्यभर जी टाळी हेमांगीने मनात ऐकली होती ती शेवटी अशी वाजली, चारचौघांत, दीपिकाच्याच अंगणात. आणि तिला वाटलं, जमीन दुभंगावी. शाल खांद्यावर पडली तेव्हा तिला दीपिकाकडे बघवेना.

दीपिका जवळ आली. तिने हेमांगीचा हात हातात घेतला. रागावली असती, टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "मला सांगायचंस ना गं, हेमा. मी पाऊस ओसरेपर्यंत थांबून मग फोडून घेतला असता. पोर महिनाभर घरी बसली नसती."

सोळा वर्षांत कितीदा तरी तिने दीपिकाला फोन केले होते. हा एकच करायचा राहून गेला होता.

चिंधू घाम पुसत पुढे आला. त्याला यातलं काही कळलं नव्हतं. "बाई," तो हेमांगीला म्हणाला, "मंग आता पोरीचं काय करू? हितं ठेवू का तुमच्याकडंच आनू? तुमी सांगाल तसं."

हेमांगी काही बोलायच्या आत दीपिका म्हणाली, "राहू दे की हिला तुझ्याकडेच. निदान पटाची मोजणी होईपर्यंत. माझा पट भरपूर आहे, एका मुलीने मला फरक नाही पडत. तुझी शाळा राहायला हवी."

मनाचा मोठेपणा, तोसुद्धा हिच्याच वाट्याला! हेमांगीला इतकं जिवाला लागलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लोकांना आनंदाचं वाटलं. फक्त 'बरं' म्हणायचं होतं. कोणी नावं ठेवली नसती. शाळा वाचली असती, इमारत मिळाली असती, सकाळी रस्त्यावर चाकांची कुरकुर वाजली असती. 'बरं' तिच्या ओठांवर आलंसुद्धा होतं. पण हिरा व्हरांड्यातून खाली तिच्याचकडे बघत होती, तळहात लाल झालेले, छाती धपापती.

"काय गं हिरा," हेमांगीने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "येशील ना माझ्याकडे अजून थोडे दिवस?"

हिराने विचार केला. तिला बाईंचं मन मोडायचं नव्हतं, हे दिसत होतं.

"नाय बाई," ती म्हणाली.

"का गं?"

"तुमच्या शालंत चढायलाच काय नाय."

सगळे हसले. हेमांगीही हसली, आणि हसताना तिने शालीच्या टोकाने डोळे पुसले. मग ती चिंधूला म्हणाली, "सोमवारी ये. दाखला तयार ठेवते."

"हेमा, अगं, तुझा पट..." दीपिका म्हणाली.

"राहू दे," हेमांगी म्हणाली. पट पुन्हा एकोणीस झाला होता. दीपिकाचा हेवा काही गेला नव्हता. तो असा एका शनिवारात जाणाराही नव्हता. पण हिरा गाडी वळवून पुन्हा खाली आली होती, परत चढायला, आणि रॅम्पच्या तोंडाशी हेमांगीच उभी होती. ती वाटेतून बाजूला झाली.